बाहेर कुणी जायचं?

आमच्या घरात सकाळ व्हायची ती भाकरीच्या थापांनी. सोलापूरच्या शेळगीत, हैदराबाद रस्त्यापासून थोडं आत, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी एवढं आमचं घर. पडवीत दोन चुली होत्या आणि त्यांच्यापुढं आई आणि अव्वा समोरासमोर बसायच्या. अव्वा म्हणजे माझ्या वडिलांची आई. कानडीत आईला अव्वा म्हणतात. वडील तिला तशी हाक मारायचे, म्हणून मीही मारायची. दोघी मिळून कडक भाकरी करायच्या आणि ती शहरभर जायची. आईची थाप हलकी आणि भरभर, अव्वाची जड आणि सावकाश. अंथरुणात डोळे मिटून पडल्या पडल्या मला कळायचं की आत्ता कुणाच्या परातीत पीठ आहे. पापडाइतकी पातळ भाकरी तव्यावरून उतरली की ती चुलीच्या कडेला उभी करून ठेवायची. निखाऱ्याच्या धगीनं ती हळूहळू वाळायची आणि मोडली की कडकन आवाज करायची. बाहेरगावी शिकायला जाणारी मुलं, देवाला निघालेली माणसं, लग्नघरची मंडळी, सगळे आमच्या दारात येऊन चळत बांधून न्यायचे. दुपारी दोघी उखळात शेंगाचटणी कुटायच्या. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, तिखट आणि मीठ. दाण्याला तेल सुटेपर्यंत कुटायचं, त्याआधी मुसळ थांबवायचं नाही, हा अव्वाचा कायदा होता. शाळेतून आले की माझ्या दप्तराला, वेण्यांना, वहीच्या पानांना त्या चटणीचा वास लागायचा. वर्गातल्या मुली माझ्याजवळ बसायला भांडायच्या, ते माझ्यासाठी नव्हे, डब्यासाठी.

माझे वडील, अप्पा, बाजार समितीत तोलार होते. तोलार म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर तोलणारा माणूस. त्यांच्या मापाबद्दल कुणी कधी शंका घेतली नाही. मंद्रूपकडचे शेतकरी त्यांना नावानं ओळखायचे, येताना पावट्याच्या शेंगा, हरभऱ्याचा टहाळ आणायचे. ते दारू पीत नव्हते. विडी ओढत नव्हते. सोमवारी देवळात जायचे, कपाळावर भस्माचे पट्टे घेऊनच कामावर जायचे. म्हणून तर कुणाला खरं वाटलं नसतं. आजही मी हे कुणाला सांगू लागले की पहिला प्रश्न येतो, "पीत होते का?" जणू काही नाही म्हटलं तर पुढचं सगळं खोटं ठरणार आहे.

ते मारायच्या आधी टीव्हीचा आवाज वाढवायचे. बातम्या असोत, जाहिरात असो, आवाज वाढला की मी समजायची. कारण काहीही पुरायचं. भाकरी न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाशी आई दोन वाक्यं जास्त बोलली. पाणी वेळेवर दिलं नाही. विचारलं त्याला उत्तर दिलं, किंवा उत्तर दिलं नाही. मार संपला की ते टीव्हीचा आवाज कमी करायचे, हातपाय धुवायचे आणि जेवायला बसायचे. आईच वाढायची. अव्वा भिंतीकडं तोंड करून बसलेली असायची आणि तिचे ओठ हलत असायचे. ती देवाचं नाव घेते असं मला वाटायचं. पुढं एकदा तिनं सांगितलं की ती मुलाला शिव्या देत असायची, पण आवाज बाहेर पडायचा नाही.

गल्लीला माहीत होतं. आमच्या आणि शमीमखालाच्या घराची भिंत एकच होती. शमीमखालाचे यजमान रिक्षा चालवायचे आणि ती घरी बसून शिवणकाम करायची. टीव्हीचा आवाज वाढला की तिची मशीन थांबायची. बाकीच्या घरांतून कुणी यायचं नाही, पण ती येऊन दार वाजवायची. "महादेवी, जरा शक्कर दे गे," एवढंच म्हणायची. अप्पा बाजूला व्हायचे. आई पदर सारखा करून साखर द्यायची. शमीमखालाकडं आमच्या घरची किती साखर साठली असेल, देव जाणे. तेव्हा मला तो योगायोग वाटायचा. आता वाटतं, त्या बाईनं साखरेच्या वाटीनं माझ्या आईचा जीव कितीतरी वेळा वाचवला.

मी दहावीत होते त्या वर्षी वेळ अमावस्येला आम्ही मंद्रूपला गेलो. तिथं अप्पांच्या धाकट्या भावाची शेती होती. वेळ अमावस्या म्हणजे आमच्याकडचा मोठा सण. गावंच्या गावं ओस पडतात आणि सगळे शेतात जेवायला जातात. कडब्याची खोप करतात, आत पूजा मांडतात. आंबील, बाजरीचे उंडे, आणि भज्जी. ही तळलेली भजी नव्हे. हिरवे वाटाणे, पावटा, तूर, हरभरा, पालेभाज्या सगळं एकत्र शिजवून बेसन लावून घोटलेली दाट भाजी असते ती, आणि ती शेतातच चांगली लागते. त्या दिवशी ज्वारी कमरेपर्यंत आली होती. काकांनी आईला काहीतरी विचारलं, बहुतेक भज्जीत मीठ कमी की जास्त असं काहीसं, आणि आई हसली. मोकळी, तोंडावर हात न घेता हसली. मला तिचं ते हसणं फार आवडलं होतं. मी अप्पांकडं बघितलं. ते आंबिलीचा गडू हातात घेऊन शांत बसले होते.

परत आलो तेव्हा दिवेलागणी झाली होती. या वेळी त्यांनी टीव्ही लावलाच नाही. आईचा उजवा हात धरला आणि पिळला. पिळत राहिले. मी वाळलेली काटकी मोडल्यासारखा आवाज ऐकला. आई ओरडली नाही. खाली बसली आणि हाताकडं बघत राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा हात आहे. शमीमखाला त्या दिवशी साखर मागायला आली नाही. सरळ आत आली, यजमानांना हाक मारली आणि आईला, मला रिक्षात बसवून सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मागोमाग अप्पाही आले. डॉक्टरांनी विचारलं, "कशानं झालं?" अप्पा शेजारीच उभे होते. आई म्हणाली, "शेतात बांधावरून पडले." डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं, अप्पांकडं पाहिलं, लिहून घेतलं आणि कोपरापर्यंत प्लास्टर घातलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा कामावर गेल्यावर आईनं मला सांगितलं, "वह्या-पुस्तकं घे. मैंदर्गीला जायचंय." मैंदर्गी तिचं माहेर, अक्कलकोटच्या पुढं. अव्वा पडवीत एकटीच भाकरी थापत होती. ती उठली नाही, अडवलंही नाही. कडक भाकरीची एक चळत फडक्यात बांधून तिनं माझ्या हातात दिली. एस.टी.त आई सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, "दुखतंय का?" ती म्हणाली, "हात न्हाय दुखत."

माहेरी माझे मामा होते, बसवराजमामा. किराणा दुकान चालवायचे. बहिणीवर त्यांचा जीव होता. त्यांनी प्लास्टर बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. पण आठ-पंधरा दिवसांनी अप्पा चार वडीलधाऱ्यांना घेऊन आले, तेव्हा मामांनी सतरंजी अंथरली, चहा केला. अप्पा खाली मान घालून बसले होते. "चूक झाली," म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणीही होतं, आणि ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. वडीलधाऱ्यांचं काम झालं. एकानं सुपारी कातरत म्हटलं, "माणूस चूक कबूल करतोय. आता बाईनंबी मन मोठं करावं."

आई दाराच्या आत उभी होती. ती म्हणाली, "पुन्हा मारलं तर?"

"न्हाय मारणार. बोलला की आत्ता."

"पण मारलं तर काय करायचं, ते सांगा की."

मामांनी चहाच्या कपांकडं बघितलं. आई म्हणाली, "मग मी येत न्हाय." अप्पा उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. ते गेल्यावर मामा म्हणाले, "बरं, राहा मग हितंच. मागची खोली रिकामी हाय. गिरिजाचं नाव हितल्या शाळेत घालू."

आई म्हणाली, "मला हितं राहायचं न्हाय, दादा."

"अगं, मग तुला पाहिजे तरी काय? तितं जायचं न्हाय, हितं राहायचं न्हाय."

"माझं घर शेळगीत हाय. मला माझ्या घरात राहायचंय. मार न खाता."

मामा तिच्याकडं असे बघत राहिले, जसं काही तिनं पाण्यावर चालायचं म्हटलंय. मलाही ते तेव्हा कळलं नाही. आमच्या ओळखीतल्या ज्या ज्या बाईनं घर सोडलं होतं, ती एक तर परत गेली होती किंवा कुणाच्या तरी मागच्या खोलीत म्हातारी झाली होती. तिसरी वाट असते, हे कुणी पाहिलेलंच नव्हतं.

ती वाट आईला बाजाराच्या दिवशी सापडली. मैंदर्गीच्या शाळेच्या पटांगणात मांडव टाकला होता आणि ध्वनिक्षेपकावरून पुकारत होते की कोर्टातले लोक कायद्याची माहिती द्यायला आलेत. बायका जास्त करून सावलीसाठी बसल्या होत्या. पिशव्यांतून मेथीच्या जुड्या डोकावत होत्या. मी आणि आई मागं उभ्या होतो. एक तरुण वकीलबाई बोलत होत्या, साधी सुती साडी, वर काळा कोट, सारखा घाम पुसत होत्या. त्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याबद्दल सांगत होत्या. नवऱ्यानं मारलं तर फक्त पोलिसात जाऊन त्याला तुरुंगात टाकणं एवढंच नाही, संरक्षण मागता येतं, राहायचा हक्क मागता येतो, खर्च मागता येतो, असं काहीसं. बायका एकमेकींशी बोलत होत्या. मग वकीलबाई म्हणाल्या, "कुणाला काही विचारायचंय का?" अशा वेळी कुणी विचारत नसतं. त्या बसायलाच निघाल्या होत्या.

आईनं प्लास्टरचा हात वर केला. "मला विचारायचंय."

सगळ्या माना मागं वळल्या. तिच्या माहेरचं गाव ते. प्रत्येक बाई तिला ओळखत होती, आणि ती इतके दिवस का राहिलीय हेही सगळ्यांना माहीत होतं. मी तिचा पदर ओढला. तिनं माझा हात अलगद काढला.

"घर नवऱ्याच्या नावावर असलं तर?"

"तरीसुद्धा," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही लग्न होऊन त्या घरात राहत होतात ना? मग तिथं राहायचा तुम्हाला हक्क आहे. नाव कुणाचंही असो. कायद्याची वाट सोडून तुम्हाला कुणी बाहेर काढू शकत नाही."

"आणि मारणारा त्याच घरात असला, तर बाहेर कुणी जायचं? मार खाणाऱ्यानं, का मारणाऱ्यानं?"

मेथीवाल्या बाईनं पिशवी खाली ठेवली. वकीलबाई स्टेजवरून उतरून खाली आल्या, आईच्या समोर उभ्या राहिल्या आणि ध्वनिक्षेपक बाजूला धरून म्हणाल्या, "कोर्ट त्याला बाहेर राहायला सांगू शकतं. तुम्ही अर्ज करा. मी लिहून देते." मग पुन्हा ध्वनिक्षेपक तोंडाजवळ धरून त्यांनी तेच वाक्य सगळ्यांसाठी मोठ्यानं सांगितलं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ भाषणं ऐकली. शिक्षिका झाल्यापासून तर ऐकण्याला सुटकाच नाही. पण ज्याचं उत्तर सगळ्या सभेला हवं होतं असा प्रश्न मी त्यानंतर कधी ऐकला नाही, आणि तो विचारणारी माझी चौथी शिकलेली आई होती.

असे अर्ज घ्यायला सोलापुरात सरकारनं नेमलेले संरक्षण अधिकारी असतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. जुन्या सरकारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्यांचं कार्यालय होतं. तिथं बसलेल्या मॅडम उंच, किरकोळ बांध्याच्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. आईनं सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली, कारण बाहेरच्या बाकावर माणसं बसली होती. मॅडमनी उठून दार लावलं. "सांगा. घाई नाही," म्हणाल्या. आईनं सांगितलं. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. मला माहीत नव्हतं तेही सांगितलं. मी जन्मायच्या आधी तिचं एक मूल पोटातच गेलं होतं, ते कशामुळं, हे मी त्या खोलीत पहिल्यांदा ऐकलं. मॅडम लिहीत होत्या. मध्येच त्यांनी मला विचारलं, "तुला काही सांगायचं आहे का? सांगितलंच पाहिजे असं नाही." मी टीव्हीच्या आवाजाचं सांगितलं. वेळ अमावस्येचं सांगितलं. सांगून झाल्यावर मला भूक लागली. कितीतरी दिवसांनी खरी भूक लागली. कार्यालयाच्या खाली गाड्यावर आम्ही दोघींनी मिरची भजी आणि पाव खाल्ला. आई डाव्या हातानं खात होती आणि तिखटानं तिच्या नाकातून पाणी येत होतं. ती म्हणाली, "लई दिवसांनी दुसऱ्याच्या हातचं खाल्लं."

अर्ज कोर्टात गेला. मैंदर्गीच्या त्याच वकीलबाईंनी तो फुकट चालवला. गरजू बायकांना सरकारकडून वकील मिळतो, हेही आम्हाला तेव्हाच कळलं. माझी दहावीची परीक्षा तोंडावर होती आणि केंद्र सोलापुरात, म्हणून निकालाची वाट न बघता घरात राहायचा तात्पुरता हुकूम द्यावा, अशी मागणी होती. अप्पांनीही वकील लावला. त्यांचं म्हणणं असं की बाई शेतात पडली, रागानं माहेरी गेली, आणि आता कुणाच्या तरी नादी लागून नवऱ्याला घराबाहेर काढायला निघाली. आणि त्या घरात राहणारी साक्षीदार म्हणून त्यांनी स्वतःच्या आईला कोर्टात आणलं.

अव्वाला कोर्टाच्या जिन्यावर बघितलं तेव्हा मी आईच्या मागं सरकले. तिनं लग्नातलं इरकल लुगडं नेसलं होतं, गळ्यात इष्टलिंग, डोक्यावर पदर. अप्पांनी तिला हाताला धरून आणलं होतं. तिनं आमच्याकडं बघितलंही नाही. आई माझ्या कानात म्हणाली, "म्हातारीला बोल लावू नगं. तिला त्याच्याच घरात राहायचंय."

न्यायाधीश एक बाई होत्या, वयानं आईएवढ्याच. त्यांनी दोन्ही वकिलांचं ऐकलं. मग अप्पांचे वकील म्हणाले, "माझ्या अशिलाची आई हजर आहे. तिनंच सांगावं." अव्वा पुढं गेली. न्यायाधीशांनी विचारलं, "आजी, मराठी येतं ना?"

"येतंय की," अव्वा म्हणाली. "पर चुकायला नगं म्हणून कानडीत बोलू का?"

कोर्टातला एक कारकून अक्कलकोटकडचा होता. त्याला मराठीत सांगायला उभं केलं. अव्वानं दोन्ही हातांनी कठडा धरला आणि पहिलं वाक्य म्हणाली, "नन्न मग होडितान री." कारकुनानं न्यायाधीशांकडं बघितलं. मला, आईला आणि अप्पांना भाषांतराची गरज नव्हती. मग तो म्हणाला, "माझा मुलगा मारतो, साहेब."

अप्पांचे वकील उठले. "आजी, नीट आठवा. सून बांधावरून पडली ना?"

"बांधावरून पडली न्हाय," अव्वानं आता मराठीतच सांगितलं. "घरात आल्यावर ह्यानं हात पिळला. मी हितं एवढ्यावर बसलेली." तिनं कठड्यापासून समोरच्या टेबलापर्यंतचं अंतर दाखवलं. "मी उठले न्हाय. मला लाज वाटती त्याची."

"तुम्ही आई आहात त्यांच्या. मुलाच्या विरुद्ध कशाला बोलताय?"

अव्वानं कठडा सोडला. मग अप्पांकडं वळून, कोर्टाला नव्हे, त्यांनाच सांगितल्यासारखं म्हणाली, "मल्ल्या, तुझ्या बापानं मला मारलं तवा तू उखळामागं लपत व्हतास. थरथर कापायचास. मी तुला पोटाशी घ्यायची आन म्हणायची, गप, काय न्हाय झालं. तितंच चुकलं माझं. काय न्हाय झालं म्हणायला नगं व्हतं."

अप्पांनी मान खाली घातली. ती मैंदर्गीच्या सतरंजीवर घातली होती तशी नव्हती. ते खांद्यातून खचले होते. मला त्या क्षणी त्यांची दया आली, हेही लिहून ठेवते. न्यायाधीशांनी अव्वाला बसायला खुर्ची द्यायला सांगितली. ती बसली नाही. चालत आमच्या बाकापाशी आली आणि आईच्या शेजारी बसली. आईनं तिचा हात धरला. प्लास्टर निघालेला आईचा हात बारीक आणि पांढुरका झाला होता. अव्वा तो उलटासुलटा करून बघत राहिली.

हुकूम झाला. अप्पांनी आईला, मला मारायचं नाही, धमकवायचं नाही, घर विकायचं नाही, आणि पुढचा हुकूम होईपर्यंत त्या घरात राहायचं नाही. आम्ही परतलो तेव्हा सोबत संरक्षण अधिकारी मॅडम आणि दोन महिला पोलीस होत्या. दुपारची वेळ होती. गल्लीतली सगळी दारं उघडी होती आणि सगळ्या दारांत माणसं होती. आईनं रिक्षातून उतरताना पदर डोक्यावर घेतला नाही. अप्पांनी कपड्यांची पिशवी भरून ठेवली होती. मॅडमनी हुकूम वाचून दाखवला. अप्पांनी किल्ली आईच्या पुढं धरली. इतकी वर्षं त्या घरात राहून आईच्या हातात कुलपाची किल्ली कधी आली नव्हती. तिनं ती घेतली आणि म्हणाली, "जेवून जावा."

पोलीसबाई आश्चर्यानं बघत होत्या. अप्पा म्हणाले, "नको." मग दारात थांबून अव्वाला म्हणाले, "चल, अव्वा."

"मी हितंच हाय," अव्वा म्हणाली. "तू भावाकडं जा. नीट राहा."

ते मोटारसायकलवरून मंद्रूपला गेले. मॅडम आणि पोलीस गेल्यावर शमीमखाला आली आणि तिनं आईला मिठी मारली. दोघी रडल्या. अव्वानं चूल पेटवली. मी परीक्षेला बसले आणि पास झाले. गणितात फार नाही, पण पास झाले.

पुढं खटला वर्षानुवर्षं चालला. तारखा पडत गेल्या, मध्ये अप्पांनी अपील केलं, दोनदा दारात येऊन ओरडून गेले. दोन्ही वेळा आईनं दार न उघडता मॅडमना फोन लावला आणि पोलीस आले. तिसऱ्यांदा ते आले नाहीत. शेवटचा निकालही आईच्याच बाजूनं लागला. लोक मला म्हणतात, कायद्यानं घरं मोडतात. आमचं घर कायद्यानं उभं राहिलं, एवढंच मी सांगते. आईच्या हाताला पहिल्यासारखी ताकद आली नाही. ती परातीवर बसायची, पण थाप आता अव्वापेक्षाही सावकाश पडायची. म्हणून तिनं गल्लीतल्या आणखी चार बायकांना कामाला घेतलं आणि पडवी वाढवली.

मी कॉलेज संपवलं तेव्हा स्थळं यायला लागली. बार्शीहून एक मुलगा बघायला आला, सोबत त्याचे आईवडील. मुलगा चांगला होता, मलाही आवडला. पोहे झाले, चहा आला. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "गिरिजाचे वडील दिसत नाहीत?"

नातेवाईकांनी आईला शिकवून ठेवलं होतं, कामासाठी बाहेरगावी असतात म्हण. आईनं चहाचा ट्रे खाली ठेवला. "ते मंद्रूपला असतात. मला मारायचे. म्हणून कोर्टानं त्यांना हितं राहायला बंदी केलीय. अर्ज मीच केला होता."

ती आवाज न चढवता, ज्वारीचा भाव सांगावा तशी सांगत होती. मला वाटलं होतं की अशा वेळी मला लाज वाटेल. माझी मान ताठ झाली. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मुलाच्या वडिलांनी घड्याळ बघितलं. मुलाची आई मात्र एकटक आईकडं बघत होती, हातातला चहा तसाच.

दोन दिवसांत निरोप आला, पत्रिका जुळत नाही. मी दोन दिवस उदास होते, खोटं कशाला बोलू. मग विसरले.

काही महिन्यांनी एका सकाळी पडवीत एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावरून घेतलेला पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. भाकरीचं गिऱ्हाईक समजून मी चळत बांधायला घेतली. पदर सरकला तेव्हा ओळखलं. त्या बार्शीच्या मुलाची आई होती. गालावर काळंनिळं झालं होतं. ती आईला म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी म्हणालात, अर्ज केला होता. तो कुठं करायचा?"

आईनं तिला आत नेलं, आधी जेवायला घातलं. अव्वानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि कानडीत काहीतरी म्हणाली, जे त्या बाईला कळलं नसणार, पण ती रडली. आईचे हात पिठात होते आणि त्या दिवशी एका लग्नघरची भाकरी द्यायची होती. ती मला म्हणाली, "गिरिजा, तू जा ह्यांच्याबरोबर. तुला ठाऊक हाय सगळं."

जुन्या इमारतीचा तोच जिना आम्ही चढलो. मॅडम त्याच होत्या, आता चष्मा लागला होता. त्यांनी बाईंकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तुम्ही यांच्या कोण?"

यांच्या मुलानं मला नाकारलंय, असं काही सांगता येत नव्हतं. बाईंनी माझा हात घट्ट धरला होता.

"मी शेळगीच्या महादेवीबाईंची मुलगी," मी म्हणाले.

मॅडम उठल्या, बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांकडं एकदा बघून त्यांनी दार लावून घेतलं आणि बाईंसाठी स्वतः खुर्ची ओढली.